मी कॉक बंद केला होता

आमच्या शहापूरच्या घराच्या पोर्चला शहाबादी फरशी आहे. गेल्या श्रावणात या फरशीवर रोज सकाळी एक डाग दिसू लागला. तळहाताएवढा, बोट लावले तर तेलकट, आणि वाकून पाहिले तर पेट्रोलचा वास. हा लेख त्या डागाविषयी, म्हणजे एका जुन्या मोटारसायकलच्या पेट्रोल गळतीविषयी आहे. आपल्यापैकी अनेकांच्या दारात अशी एखादी जुनी गाडी असेल, म्हणून गळती कशी शोधली ते सविस्तर लिहिते. पण त्या गळतीच्या निमित्ताने माझ्या हातून एक अन्यायही घडला. तो वगळून नुसती गळती सांगितली, तर अर्धेच सांगितल्यासारखे होईल.

गाडी माझ्या वडिलांची. आम्ही त्यांना आप्पा म्हणतो. खानापूर तालुक्यातल्या शाळांत ते मास्तर होते. १९८५ साली, मी पाच वर्षांची असताना, त्यांनी यझदी रोडकिंग घेतली. म्हैसूरच्या कारखान्यात १९६१ पासून जावा तयार होत असे. पुढे त्याच कारखान्याची गाडी यझदी नावाने निघू लागली आणि १९९६ साली कारखाना बंद झाला. २०२२ साली यझदी हे नाव नव्या गाड्यांवर पुन्हा आले. पण आप्पांच्या लेखी यझदी म्हणजे त्यांचीच. अडीचशे सीसीची, दोन सायलेन्सरची, किक आणि गिअर एकाच दांड्यात असलेली, आणि पेट्रोलमध्ये मापाने ऑइल मिसळावे लागणारी.

तीन वर्षांपूर्वी आई गेली. आप्पा खानापुरात एकटे पडले, म्हणून आम्ही त्यांना बेळगावला घेऊन आलो. माझे सासर कन्नड. घरात दोन्ही भाषा सारख्याच नांदतात. सासूबाईंना मी अत्ती म्हणते, मुलगा आप्पांना अज्जा म्हणतो आणि अत्ती त्यांना ‘बीगरु’ म्हणतात. सगळे आपुलकीचे. तरीही मुलीच्या सासरी कायमचे राहायला येणे आप्पांच्या पिढीच्या माणसाला किती जड जाते, ते वेगळे सांगायला नको. येताना त्यांनी दोनच गोष्टी आणल्या. पुस्तकांची ट्रंक आणि यझदी. ट्रंक माळ्यावर गेली. यझदीवरून मात्र ते रोज संध्याकाळी वाचनालयात आणि सोमवारी कपिलेश्वराला जात. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्यांच्या स्वतःच्या मालकीचे असे तेवढेच उरले होते.

लहानपणी मी पुढे टाकीवर बसत असे. घराच्या वळणाशी आले की आप्पा म्हणत, “हं, कॉक.” मी वाकून टाकीखालचा छोटा दांडा फिरवायची. कार्बोरेटरच्या वाटीत उरलेल्या पेट्रोलवर गाडी घरापर्यंत यायची आणि दारात आपोआप बंद पडायची. आजच्या मुलांना हे सांगावे लागते. एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे नियम आले आणि बहुतेक नव्या गाड्यांना कार्बोरेटरच राहिला नाही. त्यामुळे हाताने बंद करायचा कॉकही गेला. माझ्या मुलाला त्याच्या स्कूटरचे पेट्रोल कुठून कुठे जाते हे माहीत नाही, आणि माहीत असण्याची गरजही नाही. जुन्या गाडीचे तसे नसते. तिचे पेट्रोल टाकीतून स्वतःच्या वजनाने खाली उतरते. गाडी उभी असताना त्याला अडवायचे काम कॉकचे.

डाग दिसू लागला तेव्हा अत्ती म्हणाल्या, “गाडी सोराकत्तैति नोड्री.” आप्पांनी वाकून पाहिले, फडक्याने पुसले आणि म्हणाले, “मी कॉक बंद केला होता.” दुसऱ्या दिवशी पुन्हा डाग. यजमानांनी लक्ष ठेवले. रात्री दहाला फाटकाला कुलूप लावताना फरशी कोरडी असे आणि सकाळी सहाला ओली. यावरून आम्ही काय निष्कर्ष काढला? आप्पा पहाटे उठून गाडीशी खुडबुड करतात आणि कॉक उघडा टाकतात, असा. म्हातारपणी झोप कमी होते, ते पहाटे उठतही होते. शिवाय त्या दोन महिन्यांत चष्मा कुठे ठेवला, दुधाचे कुपन दिले की नाही, अशा दोन-चार गोष्टी ते विसरले होते. हिशेब आम्हीच जुळवून टाकला.

अत्ती एकदा स्वयंपाकघरात यजमानांना हळूच म्हणाल्या, “बीगरु कॉक बंद माडूद मर्तारंत काणतैति.” बीगरु कॉक बंद करायला विसरले असे दिसते, एवढाच त्याचा अर्थ. आप्पा दारात उभे होते. त्यांना दोन्ही भाषा उत्तम येतात. कन्नडमध्ये ‘मरेवु’ म्हणजे विसर, आणि मराठीत ‘मर’ म्हटले की मरणच आठवते. त्यांनी तो शब्द कुठल्या भाषेत ऐकला कोण जाणे. काही न बोलता ते बाहेर गेले.

मग ती गुरुवारची सकाळ आली. रात्रभर पाऊस होता आणि हवा कोंडलेली. अत्ती तुळशीपुढे निरांजन लावायला निघाल्या. तुळस पोर्चला लागूनच, चार पावलांवर. काडी ओढण्याआधी त्यांना वास आला आणि त्यांचा हात थांबला. काही झाले नाही, देवाची कृपा. पण पुढे काय होऊ शकले असते, ते मी नंतर वाचले आणि अंगावर काटा आला. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर न जाता जमिनीलगत पाण्यासारखी पसरते आणि डागापासून दूर असलेल्या ज्योतीपर्यंतही पोचू शकते. पेट्रोल पेटाऊ वाफ धरायला शून्याखाली चाळीस अंशांच्या आसपासही पुरते, मग आपल्या श्रावणातल्या उबेचे काय सांगावे.

त्या दिवशी मी आप्पांकडून गाडीची चावी मागून घेतली. आवाज चढवला नाही, पण शब्द बोचणारेच होते. “आप्पा, तुमच्या आता लक्षात राहत नाही. घरात लहानथोर आहेत.” त्यांनी चावी माझ्या हातावर ठेवली आणि तेच वाक्य तिसऱ्यांदा म्हणाले, “मी कॉक बंद केला होता.” मी कॉलेजला निघून गेले. वर्गात मी इतिहास शिकवते. पुरावा तपासल्याशिवाय विधान करू नये, असे दरवर्षी नव्या मुलांना सांगते.

गाडी आता पोर्चमध्येच उभी राहिली. एरवी सकाळी फरशी धुवायची म्हणून आप्पा ती बाहेर गल्लीत मातीवर लावत आणि रात्री आत घेत. शुक्रवारी दुपारीही खाली डाग. मी जाऊन पाहिले तर कॉक बंदवरच होता. तरी मला वाटले, आपल्या बोलण्यानंतर आप्पांनी गुपचूप बंद केला असेल. माणसाला एकदा दोषी ठरवले की त्याच्या बाजूचा पुरावाही आपण त्याच्याविरुद्धच वाचतो.

पण शनिवारी मनाला टोचणी लागली. रात्री नऊला मी स्वतः कॉक बंद आहे ना ते पाहिले, घट्ट फिरवला आणि दांड्याला दोरा गुंडाळून अशी गाठ मारली, की दोरा तोडल्याशिवाय दांडा हलू नये. फरशी कोरडी पुसली. खाली याच साप्ताहिकाचा एक जुना अंक पसरला. सकाळी उठून पाहते तर दोरा जसाच्या तसा आणि कागद ओला. तेलकट पेट्रोलने कागद आरपार दिसू लागला होता, मागच्या पानावरची अक्षरे पुढे वाचता येत होती. बराच वेळ मी तिथेच उभी राहिले. त्या रात्री कॉक मी बंद केला होता, आणि तरी गाडी गळली होती.

आप्पांना लगेच सांगायचे धैर्य झाले नाही. आधी गळती नेमकी कुठून आहे ते शोधायचे ठरवले. उद्यमबागेत एक वयस्कर मिस्त्री आहेत, जुन्या गाड्या दुरुस्त करतात. त्यांना मी फोनवर घाईघाईने सांगू लागले, कॉक खराब असेल, कार्बोरेटर गेला असेल, इंजिनच फुटले असेल. ते शांतपणे म्हणाले, “मोदल नोड्री मॅडम, आम्याले माताड्री.” आधी बघा, मग बोला. घरी करता येण्याजोग्या तपासण्या त्यांनी सांगितल्या. त्या क्रमाने देते.

पहिली गोष्ट, गाडी उघड्यावर, थंड असताना तपासायची. जवळ दिवा, उदबत्ती, गॅस, सिगारेट काही नको. बंद खोलीत वास भरला असेल तर दिव्याचे बटणही दाबू नये, आधी दारे-खिडक्या उघडाव्यात. सांडलेल्या पेट्रोलवर पाणी ओतू नये. पेट्रोल पाण्यावर तरंगत आणखी पसरते. माती किंवा वाळू टाकावी. आणि नळीला तोंड लावून पेट्रोल ओढायची जी आपल्याकडे सर्रास पद्धत आहे, ती कधीही नको. चुकून फुप्फुसात गेले तर जिवावर बेतते.

दुसरी गोष्ट, थेंब जिथे पडतो तिथेच गळती आहे असे समजायचे नाही. थेंब नळीच्या, तारेच्या, नटाच्या कडेने ओघळत येतो आणि सर्वांत खालच्या टोकाशी पडतो. म्हणून खालून वर शोधत जायचे. टाकी आणि कॉकचा सांधा, कॉकचा दांडा, रबरी नळीची दोन्ही टोके, कार्बोरेटरच्या वाटीचा सांधा आणि त्याची जादा पेट्रोल बाहेर टाकणारी बारीक नळी, हे सगळे फडक्याने कोरडे करायचे. मग त्यावर कोरडी भुकटी भुरभुरायची. मिस्त्रींनी टाल्कम पावडर सांगितली होती. मास्तरांच्या घरात खडू मुबलक, मी खडूची भुकटी केली. पांढऱ्या भुकटीवर ओलसर रेघ उमटते आणि ती जिथून सुरू होते तिथे गळती असते. दोन स्ट्रोकच्या गाडीत आणखी एक फायदा होतो. पेट्रोल उडून जाते, पण त्यातले ऑइल मागे राहते, त्यामुळे जुन्या गळतीचीही खूण सापडते. मात्र त्या ऑइलमुळे फसगतही होते. पेट्रोल उडून गेल्यावर डाग पाहणाऱ्याला गिअरचे ऑइल गळते आहे असेच वाटते. म्हणून डाग ताजा असतानाच वास घ्यावा.

आमच्या गाडीत टाकीचा सांधा कोरडा निघाला. कॉकचा दांडा कोरडा, नळी कोरडी. ओली होती ती कार्बोरेटरची जादा पेट्रोल बाहेर टाकणारी नळी. मला वाटले, झाले, दोष कार्बोरेटरचा. मिस्त्री म्हणाले, तो अर्धाच आहे.

त्यांनी समजावले ते असे. जुन्या गाडीच्या पेट्रोलला दोन कुलपे असतात. पहिले कुलूप कॉकचे, हाताने लावायचे. दुसरे कार्बोरेटरच्या आत, आपोआप लागणारे. वाटीत पेट्रोल भरले की आतला तरंगता फ्लोट वर येतो आणि एक टोकदार पिन भोकात दाबून बसवतो. आपल्या छपरावरच्या पाण्याच्या टाकीतला चेंडू असतो ना, अगदी तसेच. पिनेचे टोक झिजले किंवा भोकात कचरा अडकला, तर पेट्रोल थांबत नाही, जादा नळीतून बाहेर येते आणि थोडे इंजिनातही उतरते. सकाळी किक जड लागणे, प्लग ओला सापडणे, गाडी सुरू झाल्यावर खूप धूर येणे ही त्याची लक्षणे. चार स्ट्रोकच्या गाडीत हेच पेट्रोल इंजिन ऑइलमध्ये मिसळते. ऑइल पातळ झाले, पातळी वाढली, वास पेट्रोलचा आला, तर ते बदलल्याशिवाय गाडी चालवू नये. पण मुद्दा असा, की कॉक खरोखर बंद असेल तर पिन कितीही झिजलेली असो, वाटीपुरतेच पेट्रोल असते आणि रात्रभर गळत नाही. रात्रभर गळते याचा अर्थ दोन्ही कुलपे निकामी आहेत.

मग कॉकची तपासणी. कॉक बंद करून रबरी नळी कार्बोरेटरकडून काढायची आणि टोक काचेच्या बाटलीत सोडायचे. नळीत अडकलेले थोडे पेट्रोल आधी उतरते, ते धरायचे नाही. त्यानंतर तासभरात एकही थेंब पडता कामा नये. आमच्या बाटलीत थेंब थांबून थांबून पडतच राहिला. तासाने खोकल्याच्या औषधाच्या मापात ओतून पाहिले, सहा मिलिलिटर. ऐकायला किती कमी! पण रात्रंदिवस धरले तर महिन्याला चार लिटरच्या वर. आप्पा दोन महिने म्हणत होते, “हल्ली पेट्रोल पुरत नाही गं.” त्यावर आम्ही एकमेकांकडे बघून हसलो होतो. ‘थेंबे थेंबे तळे साचे’ हे आपण बचतीसाठी शिकवतो. अत्तींची म्हणही तीच, ‘हनि हनि गूडिदरे हळ्ळ’. गळतीलाही ती तितकीच लागू पडते, हे मला त्या बाटलीने शिकवले.

आणि त्या सहा मिलिलिटरने रात्रीचे कोडेही उलगडले. आप्पा जुन्या सवयीने वळणावरच कॉक बंद करीत. धावत्या गाडीला लागणाऱ्या पेट्रोलपुढे हा झिरपा काहीच नाही, त्यामुळे गाडी दारात नेहमीसारखी बंद पडे. कॉक बंद झाला याची याहून चांगली खात्री त्यांना कुठून मिळणार? वाटी तेव्हा रिकामी झालेली असे. तासाला सहा मिलिलिटरने ती भरायलाच चार-पाच तास लागत. म्हणून आठला आलेल्या गाडीखाली दहाला फरशी कोरडी आणि पहाटे ओली. पहाटे खुडबुड करणारे कोणी नव्हते. दिवसा गाडी मातीवर, तिथले थेंब माती पिऊन टाकी. आमचा सगळा पुरावा खरा होता, निष्कर्ष तेवढा खोटा होता.

मिस्त्रींनी कॉक खोलून दाखवला. दांड्यामागे भोके असलेली रबराची चकती असते. दांडा फिरवला की भोके एकमेकांसमोर येतात किंवा झाकली जातात. ती चकती दगडासारखी कडक होऊन तिच्यावर बारीक भेगा गेल्या होत्या. यात गाडीचा दोष नाही, रबराला त्याचे वय असते. शिवाय आता पेट्रोलही बदलले आहे. २०२३ पासून २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल पंपांवर येऊ लागले आणि २०२५ पर्यंत ते देशभर पोचले. चाळीस वर्षांपूर्वीची रबरे त्यासाठी बनलेली नव्हती. काही फुगतात, काही कडक होतात. इथेनॉल हवेतले पाणीही ओढून घेते. ते पाणी टाकीच्या तळाशी, म्हणजे नेमके कॉकपाशी साचते आणि गंज धरतो. आपल्या बेळगावच्या पावसाळ्यात महिनोन्महिने अर्धी टाकी ठेवून गाडी उभी केली तर दुसरे काय होणार? म्हणून चकती, वायसर, नळी बदलताना नव्या पेट्रोलला टिकणारे रबर मागून घ्यावे. कॉकची जाळी साफ करावी. पाण्याची किंवा सलाईनची नळी पेट्रोलला कधीही लावू नये. ती थोड्याच दिवसांत पिवळी पडून कडक होते आणि टोकाशी चिरते. आमच्या गाडीला चकती, पिन, नळी, क्लिपा सगळे नवे घातले. टाकीच्या झाकणाचे रबरही जुने होते, तेही बदलले. बाटलीत तासभर एक थेंब नाही. रात्री पसरलेला कागद सकाळी कोरडा.

तो कोरडा कागद घेऊन मी आप्पांच्या खोलीत गेले. सोबत तो आधीचा ओला होऊन वाळलेला कागद, दोरा आणि चावी. सगळे सांगितले. “आप्पा, चूक माझी झाली. तुम्ही कॉक बंद केला होता.” त्यांनी दोन्ही कागद हातात घेऊन, परीक्षेचा पेपर तपासावा तसे उजेडाकडे धरून पाहिले. मग म्हणाले, “मलाही शंका यायला लागली होती गं. रोज बंद करत होतो आणि रोज वाटत होतं, खरंच केला का?”

हे वाक्य मला अजून विसरता येत नाही. दुसऱ्यांनी शंका घेणे वेगळे. पण घरातली सगळी माणसे एकच गोष्ट पुन्हा पुन्हा म्हणू लागली, की म्हाताऱ्या माणसाचा स्वतःच्या हातावरचा विश्वास उडतो. तो झिरपा कुठल्याही मापात मोजता येत नाही.

पुढच्या रविवारी आप्पा म्हणाले, “चल, टाकी भरून मच्छेपर्यंत जाऊन येऊ.” त्यांनी चालवली, मी मागे बसले. पिरनवाडी ओलांडली आणि गाडी गचके देत बंद पडली. थोडे थांबून किक मारली की सुरू व्हायची, पुन्हा अर्ध्या किलोमीटरवर बंद. मी घाबरले. मला वाटले, आता पेट्रोलच उतरत नाही, नवा कॉक चुकीचा बसला. आप्पांनी गाडी कडेला घेतली, इंजिन गार होऊ दिले, आणि मग टाकीचे झाकण हळूच सैल केले. ‘फुस्स’ असा आवाज आला. ते हसले. “श्वास कोंडलाय तिचा.”

टाकीतून पेट्रोल खाली उतरते तेवढी हवा वरून आत जावी लागते. त्यासाठी झाकणात बारीक भोक असते. झाकणाच्या नव्या रबराने ते झाकले गेले होते. टाकी काठोकाठ भरलेली, त्यामुळे वर हवेला जागा कमी आणि ओढ लवकर बसणारी. गळतीच्या नेमका उलट हा दोष, पण ओळखायला सोपा. गाडी काही अंतर जाऊन बंद पडते, थांबले की सुरू होते, आणि झाकण सैल केले की नीट चालते. अशा वेळी कार्बोरेटर खोलायच्या आधी झाकण बघावे. झाकण उघडूनही कॉकमधून धार बारीक येत असेल तर जाळीत कचरा समजावा. मुख्यवर पेट्रोल येत नाही आणि रिझर्व्हवर येते, तर ती गळतीही नाही आणि अडथळाही नाही, टाकीत पेट्रोलच कमी आहे. हे सगळे आप्पांनी मला खानापूर रस्त्याच्या कडेला उभे राहून सांगितले, शाळेत सांगत असत तसे, एकेक बोट दुमडत. मिस्त्रींनी मग त्या रबराला भोक पाडून दिले.

आप्पा विसरत नाहीत असे मला म्हणायचे नाही. ते विसरतात. चष्मा विसरतात, गोळ्यांची वेळ विसरतात, एकदा मला आईच्या नावाने हाक मारली. त्यांच्या वयाकडे लक्ष ठेवायलाच हवे, आणि गाडी किती दिवस चालवायची हेही कधीतरी बोलावे लागेल. पण ते बोलणे खऱ्या कारणावरून व्हावे, एका रबरी चकतीचा दोष त्यांच्या माथी मारून नव्हे. घरात काही बिघडले की आपण आधी घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या किंवा सर्वांत लहान माणसाकडे बघतो. त्याआधी एक रात्र खाली कागद पसरून बघायला काय हरकत आहे?

चावी मी पुन्हा दाराजवळच्या खिळ्याला लावली तेव्हा आप्पा म्हणाले, “असू दे तुझ्याकडेच. मला हवी तेव्हा मागून घेईन.” मी ऐकले नाही, ती खिळ्यालाच आहे. आता गाडी संध्याकाळी आत आली की अत्ती स्वयंपाकघरातून विचारतात, “बीगर री, कॉक?” आणि आप्पा कन्नडमध्येच उत्तर देतात, “माडीनि री.” बंद केला.